झाकणावर उभा माणूस

शेषरावाने नालीच्या चेंबरच्या फोटोत उभं राहायला मला बोलावलं आणि मी नेमका झाकणावरच उभा राहिलो. वर नवा सदरा दिसावा म्हणून जवळून काढायला लावला.

शेषराव गेल्याचा फोन मला मानोऱ्याच्या बसमध्ये आला. रडू नंतर आलं, आधी रागच आला. आमच्या गल्लीखालची जुनी नाली कुठे वळते, कुठे तुंबते, हे एकट्या त्याला ठाऊक... आणि हा न सांगता निघून गेला! तसा त्याचा व्यवसाय सायकल दुरुस्तीचा. पण लोक फुलांचे फोटो काढतात, हा नाल्यांचे, मोऱ्यांचे, पुलाखालच्या पाइपांचे. धनजहून पुतणीला पाहायला आलेले पाहुणेसुद्धा त्याने आधी पुलाखाली नेले. प्रत्येक फोटोत मी हवाच. नाक दाबून मी वैतागायचो, तर म्हणायचा, "उंची समजाले मानूस लागते."

"मंग दुसरा पाह्य."

"दुसरा कोनी येत नाही ना बे!"

गल्लीत सिमेंटचा रस्ता होणार म्हटल्यावर तर तो पेटलाच. सगळी झाकणं टिपायची होती. "एकदा रस्ता झाला का बोंबलत बसशीन," म्हणाला.

रस्ता झाला, सगळी झाकणं सिमेंटखाली गेली. पुढे शेषरावाची तेरवी झाली आणि नाली तुंबली. घाण पाणी थेट शेषरावाच्या घरात, वहिनींच्या स्वयंपाकघरात. रस्ता फोडायला आलेला माणूस म्हणाला, "एकच जागा सांगा काका, सारा रस्ता नाही फोडत मी." शेषरावाचा मोबाइल उघडला. बाकीच्या चेंबरांच्या फोटोंत खांब, भिंत, झाकण, सगळं स्पष्ट. त्याच्या स्वतःच्या दारासमोरच्या फोटोत फक्त माझे दात! तेव्हा ऊन उजव्या डोळ्यावर होतं, एवढंच आठवलं. मी डोळे बारीक करून रस्त्यावर तीन ठिकाणी उभा राहिलो... तिन्ही ठिकाणी ऊन उजव्याच डोळ्यावर.

दारात उभ्या असलेल्या वहिनी पाण्यातून बाहेर आल्या. पायरीपासून मोजून चार पावलं टाकली. "इथं. फोटोच्या वेळी तुमच्यासाठी चहा घेऊन मी इथवरच आली होती."

फोडलं. झाकण लागलं. तासाभरात पाणी घळघळत उतरलं. ओशाळून मी विचारलं, "वहिनी, हा फोटो काढून टाकू का?"

त्यांनी पदराने मोबाइलची काच पुसली, बराच वेळ फोटो पाहिला.

"राहू द्या भाऊजी. फोटो साजराच काढला त्याइनं. निस्ता मानूस निवडाले चुकले."