हेमंतची रायफल आणि चार स्क्रू

हेमंत गेला. मला अजून रडू आलेलं नाही.

आज क्रेमॅटोरियममध्येही नाही आलं. सगळे रडत होते आणि मी ओला कोट कुठे अडकवायचा ते बघत होतो.

म्हणून लिहितोय. दुसरं काही सुचत नाही.

तुम्ही बरेच जण त्याला ब्रिस्टलचा ऑर्थोपेडिक सर्जन म्हणून ओळखता. किंवा आपल्या मराठी मंडळाच्या नाटकात विंगेतून स्टेजवरच्यांपेक्षा मोठ्यांदा बोलणारा प्रॉम्प्टर म्हणून.

तो हरणांची शिकार करायचा, हे फार थोड्यांना माहीत होतं.

"कोण समजावत बसणार?" म्हणायचा.

इथे हरणं फार झालीयत. ग्रॅहम नावाच्या शेतकऱ्याचा गहू खातात, लावलेली रोपं खातात. त्याच्या शेतावर हेमंतला परवानगी होती. रायफलचं रीतसर सर्टिफिकेट, ती ठेवायला भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट, सगळं.

गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"हललं होतं रे," म्हणाला.

मला वाटलं हरीण.

हरीण नाही. दुर्बिणीचा बेस. रायफलच्या पाठीवर स्क्रूने घट्ट बसवायचा धातूचा तुकडा, ज्याच्यावर दुर्बीण बसते. रायफल सेकंडहँड होती, बेस आधीच्या मालकाने लावलेला. पुढचा स्क्रू कधीतरी सैल झाला होता. बोटाने दाबलं की अगदी जरासा हलायचा.

तो जरासा शंभर मीटरवर खूप होतो.

गोळी छातीऐवजी पोटात लागली. हरिणी जंगलात पळाली. ग्रॅहमचा कुत्रा घेऊन तो सकाळभर रक्ताच्या मागावर फिरला. सापडली तेव्हा जिवंत होती.

पुढचं त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"रोज लोकांच्या हाडात स्क्रू घालतो मी," एवढंच म्हणाला. "आणि हा एक तपासला नाही."

रायफल कपाटात गेली. ख्रिसमसपर्यंत तो विषय नाही. अनघाला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं सुटलं एकदाचं.

मग एक दिवस फोन. "तू विमानाचे पार्ट्स जोडतोस ना? चल, बेस बघायला."

दुकानात आम्ही भांडलो. अगदी मराठीत. काउंटरमागचा माणूस शांतपणे चहा पीत होता.

मी म्हटलं, एकसंध पट्टी घे. पुढून मागे एकच तुकडा, रेषा सरळ राहते.

"नको. ती चेंबरच्या, गोळी बसते त्या खाचेच्या, डोक्यावरून जाते. माझं बोट आत जात नाही."

"बोट कशाला घालायचंय?"

"रिकामी आहे ना, ते बोटाने बघतो मी. नुसत्या डोळ्यांवर विश्वास नाही."

दोन तुकड्यांचा बेस घेतला. स्टीलचा. अॅल्युमिनियमचं मी नावसुद्धा काढलं नाही.

त्यांच्या किचन टेबलवर अनघाचा जुना टॉवेल अंथरून बसवला. रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता दांडा, काढून बाजूला ठेवला. स्क्रू आणि भोकं क्लीनरने पुसली, तेलाचा अंश नको. सगळ्यात पुढचा स्क्रू आखूड असतो. तिथे लांबडा घातला तर तो खाली टेकतो, आणि आपल्याला वाटतं घट्ट बसला. हेमंतने प्रत्येक स्क्रू उजेडात धरून पाहिला. मग एकेक थेंब थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, मग नेमका ठरलेला जोर लागला की वाजणारा टॉर्क रेंच. क्लिक.

"ऑपरेशन थिएटरात तू बोलतोस का रे?" मी विचारलं.

"गप्प बस."

दुसऱ्या दिवशी दुर्बीण चढवली. मी सांगितलं, डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, मग उघड. कडेला काळं दिसलं की मी दुर्बीण जराशी पुढे सरकवायचो, जराशी मागे. डोळे मिटून उभा असलेला हेमंत. नाकावर चष्म्याचा वळ.

"आता पूर्ण दिसतंय," म्हणाला.

ग्रॅहमच्या शेतात, मातीच्या बांधासमोर झिरो केली, म्हणजे दुर्बिणीत दिसतं तिथेच गोळी लागेल अशी जुळवली. कागदावरची भोकं एकमेकांना चिकटलेली. हेमंत हसला नाही. स्क्रू परत तपासले.

फेब्रुवारीत मेसेज आला. एकच शब्द.

"जागेवर."

म्हणजे हरीण एका गोळीत, होतं तिथेच. पळालं नाही. त्याला एवढंच हवं होतं.

मार्चमध्ये, रविवारी सकाळी, गाडी धुताना हेमंत खाली बसला. अनघाला वाटलं काहीतरी पडलंय, ते शोधतोय. हार्ट. अॅम्ब्युलन्स लगेच आली होती.

त्या आठवड्यात रायफल न्यायला पोलीस आले. कपाटाची किल्ली कुठे असते ते अनघाला माहीत नव्हतं. नियमच तसा आहे, दुसऱ्या कोणाला माहीत नसावी. शेवटी त्यांनी कुलूप कापलं. फार आवाज झाला.

ऑफिसरने रायफल तपासली. दुर्बिणीवर हात ठेवून म्हणाला, "नाइसली माउंटेड, दॅट."

मी थँक यू म्हणालो.

मग त्याने अनघाला विचारलं, दुर्बीण काढून ठेवायचीय का, ती घरात ठेवायला हरकत नसते. अनघाने माझ्याकडे पाहिलं. माझी टूल्स गाडीत होती.

"राहू दे तशीच," मी म्हटलं.

एका लांब पिशवीत घालून घेऊन गेले.

आज ग्रॅहम आला होता. काळा टाय, बूट पॉलिश केलेले. अनघाचा हात धरून बराच वेळ उभा राहिला.

नंतर त्यांच्या घरून निघताना रियाने, हेमंतच्या मुलीने, मला किचनमध्ये बोलावलं. ती कार्डिफला शिकते.

"काका, फ्रीझरमध्ये बाबाचं हरीण आहे अजून. आई खात नाही. मला बनवायला येत नाही."

"मी शिकवतो."

"आज नको."

"आज नको. तू म्हणशील तेव्हा."

तिने मान हलवली आणि पाहुण्यांचे कप धुवायला घेतले. मी पुसत गेलो.

हेमंत, आज भाषण करायला सांगितलं होतं मला. जमलं नाही. हे इथे लिहिलं, तेवढंच.

सावकाश जा, मित्रा.