घोडेगावच्या रीतीनं घेतलेला सीडी प्लेअर

हसाल तुम्ही, पण तो सौदा मीच जिंकलो होतो. निदान घरी चहा होईपर्यंत तरी माझी तशी पक्की खात्री होती!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घोडेगावाहून नगरला रोज एसटीनं नोकरीला जायचो. वाटेत ऐकायला टेप होता, पण त्याची फीत ताणली की गाणारा रडायला लागायचा. मग ठरवलं, सीडी प्लेअर घ्यायचा. आता मी म्हणजे साधी छत्री घ्यायची तरी महिनाभर चौकशी करणारा माणूस. बेस कसा, बॅटरी किती चालते, आणि मुख्य म्हणजे धक्के बसले तर गाणं तुटतं का? आमच्या रस्त्याला दुसरं काय विचारणार?

भाव करायला दाजींना सोबत नेलं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या घोडेगावच्या बैलबाजारात त्यांना विचारल्याशिवाय कोणी बैल घेत नसे. त्यांनी वाटेतच बजावलं, की जनावर आधी चालवून बघायचं, आणि आवडलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही.

दुकानदारानं दोन प्लेअर काढले. पहिला मोठा रुबाबदार. हेडफोन लावून मी दुकानातच फेऱ्या मारल्या, एक उडी मारली. गाणं तुटलं. मी दाजींकडे बघून मान हलवली.

"लंगडतंय," दाजींनी दुकानदाराला सांगितलं.

दुसरा काळा, ओबडधोबड. आवाज पूर्ण वाढवला, चाललो, उड्या मारल्या. गाणं अखंड! आणि आवाज काय सांगू, तबल्यावरची शाईसुद्धा कानाला लागत होती. पण नियम म्हणजे नियम. चेहरा जमेल तितका पाडला आणि दाजींच्या कानाशी कुजबुजलो, "दाजी, हिरा आहे हिरा. मागेल ते देऊ, पण याला सुगावा लागू द्यायचा नाही."

दाजी एकदम छताकडे बघू लागले. शेजारच्या गिऱ्हाइकानं तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, त्याला सर्दी असेल.

मग हेडफोन काढून मी नावं ठेवायला बसलो. रंग मेलेला, झाकण कुरकुरतं, बेस फुगलेला. दुकानदार हसतमुखानं ऐकत राहिला, पण भावात तसूभर हलला नाही. शेवटी बॅटऱ्या तेवढ्या फुकट दिल्या. मी जग जिंकल्यासारखा बाहेर पडलो!

एसटीत गाणं एकदाही तुटलं नाही. दाजी खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे सारखे हलत होते. मी म्हटलं, रस्ताच तसा आहे.

घरी बायको आत चहा टाकत होती. मी ओसरीवर बसून पुन्हा हेडफोन लावला आणि दाजींकडे झुकून हळूच म्हणालो, "हिला खरी किंमत सांगू नका. निम्मी सांगायची."

ती बाहेर आली. माझ्या कानावरचा हेडफोन उचलला.

"अहो, निम्मी म्हणजे किती, तेही ओरडून सांगा की. शेजारचे कान लावून बसलेत."

मी दाजींकडे बघितलं.

"दाजी, म्हणजे दुकानातसुद्धा…?"

"व्हय पाव्हणं," दाजी बशीत चहा ओतत म्हणाले. "तितंबी आसंच कुजबुजला हुता तुमी. त्या बॅटऱ्या काय उगंच दिल्या व्हय त्यानं? लई हसला बिचारा."

बाकी काही म्हणा, प्लेअर मात्र हिरा होता. आणि हे मी हेडफोन काढून सांगतोय.