कान्नो-सानचे रविवार

स्नेहलता साळवेला काळजी करायला कारण लागत नसे. पण त्सुकुबात आल्यापासून तिला कारणंही भरपूर मिळाली. कचरा चुकीच्या वारी ठेवला गेला तर? सायकल भलत्याच जागी लावली गेली तर? त्यात २०११चा मार्च. तिला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. इमारत हलली, ओट्यावरची भांडी खाली आली, आणि नवरा शैलेंद्र संशोधन संस्थेतून सायकल हाणत घरी पोचेपर्यंत ही जेवणाच्या टेबलाखाली बसून स्तोत्र म्हणत होती. मधल्या ओळी आठवेनात, म्हणून पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा. पुढे महिनाभर नगरहून आईचा रोज फोन, ‘परत या.’ शैलेंद्रला काम सोडता येत नव्हतं आणि ही त्याला सोडून जाणाऱ्यातली नव्हती. राहिली, आणि काळजी करत राहिली.

नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली ही बाई. वडील रविवारच्या शाळेत शिकवत, आई मिशनच्या दवाखान्यात नर्स. घराण्यातले पहिले ख्रिस्ती तिचे पणजोबा, आणि त्यांची गोष्ट दर नाताळला सांगितली जाई. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांच्या आईने त्यांच्या नावाने आंघोळ केली, मुलगा मेला असं धरून. तरी ते डगमगले नाहीत. लहानपणी स्नेहलताला त्यातलं ‘डगमगले नाहीत’ एवढंच ऐकू यायचं.

त्सुकुबा हे शास्त्रज्ञांचं गाव. इथे देवाला कोणी नाही म्हणत नाही. त्याचा विषयच निघत नाही. अशा गावात इमाई सेन्सेई मंडळी, म्हणजे चर्च, उभी करायला आले होते. जपानमध्ये पाळकालाही शिक्षकासारखं सेन्सेईच म्हणतात. पन्नाशीचे, हळू बोलणारे, चष्मा सारखा पुसणारे गृहस्थ. परदेशातल्या एका मिशनरी संस्थेच्या मदतीवर त्यांनी एका बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानाची जागा भाड्याने घेतली होती. भिंतीवरचे आरसे काढले तरी त्यांचे चौकोन उरलेच. सुरुवातीला रविवारी तिथे दोन फिलिपिनो बायका, केनियाचा एक विद्यार्थी, स्नेहलता आणि शैलेंद्र जमत. जपानी माणूस एकच, तो म्हणजे खुद्द सेन्सेई. तीन वर्षं सरत आली, तेव्हा संस्थेचं पत्र आलं. २०१४च्या ईस्टरपर्यंत एकाही जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही, तर मदत थांबवावी लागेल. भाषा अगदी गोड होती. ती खोली गेली तर या देशात स्नेहलताचं असं काही उरणार नव्हतं.

पण तिच्याकडे कान्नो-सान होत्या.

कान्नो-सान, म्हणजे कान्नोबाई, फुकुशिमाच्या. वय अडुसष्ट. त्यांचं घर भूकंप-त्सुनामीत फुटलेल्या अणुभट्टीच्या जवळच्या बंद पट्ट्यात अडकलं होतं; वर्षातून दोनदा परवाना काढून, पांढरा अंगरखा घालून, काही तास तेवढं जाता येई. नवरा भूकंपाच्या आधीच वारलेला. निर्वासितांना सरकारी वसाहतीतली रिकामी घरं दिली, तेव्हा त्या स्नेहलताच्या खालच्या मजल्यावर आल्या. आल्या त्याच दिवशी रीतीप्रमाणे दारात येऊन, कागदात गुंडाळलेला छोटा टॉवेल पुढे करून कमरेत वाकल्या. सगळं गमावलेली बाई आपल्यालाच काहीतरी देते आहे हे बघून स्नेहलताला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी तिने स्टीलच्या डब्यात उपमा भरून नेऊन दिला.

डबा परत आला तो संत्र्यांनी भरून. आता आलेला डबा रिकामा परत करू नये, हे स्नेहलताच्या हाडात मुरलेलं. आणि आलेल्या भेटीची परतभेट केल्याशिवाय जपानी माणसाला चैन पडत नाही. दोघी आपापल्या रीतीला पक्क्या. उपम्याची संत्री झाली, संत्र्यांच्या करंज्या झाल्या, करंज्यांच्या स्ट्रॉबेऱ्या झाल्या, आणि स्ट्रॉबेऱ्या बघून स्नेहलताने चिकन पुलाव केला. “अगं, हे युद्ध थांबवा कुणीतरी,” शैलेंद्र म्हणायचा, आणि स्ट्रॉबेऱ्या संपवायचा. स्नेहलताला तर वाटे, परक्या देशात मावशी मिळाली. एकदा बोलता बोलता तिने चर्चचा विषय काढला. “रविवारी याल का? आम्ही फार थोडे आहोत.” पुढच्या रविवारी कान्नो-सान हजर. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. पाऊस असो, बर्फ असो, शेवटच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून त्या बसलेल्या असत.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सेन्सेईंनी उपासना संपल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, “कान्नो-सान, ईस्टरला बाप्तिस्मा घ्याल का?” त्या उठल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, “हाइ.” होय. टाळ्या पडल्या. सेन्सेईंनी चष्मा पुसला. स्नेहलताने घरी येऊन नगरला फोन लावला आणि वडिलांना म्हणाली, “पप्पा, माझ्या हातून एक आत्मा प्रभूकडे आला.”

त्या आठवड्यापासून मात्र काहीतरी बिनसलं. कान्नो-सानच्या हातांवर खाजून खाजून लाल चट्टे उठले. गाल बसले. जिन्यात भेटल्या की हसत, पण नजर स्नेहलताच्या खांद्यावरून पलीकडे. डबा परत आला त्यात दुकानातला महागाचा केक होता आणि केकवर आभाराची चिठ्ठी. स्नेहलताचा जीव टांगणीला लागला. “बाप्तिस्म्याआधी असं होतं,” तिने शैलेंद्रला सांगितलं. “मन ढवळून निघतं.” शैलेंद्रने विचारलं, “तुझंही निघालंय का? तूही झोपत नाहीयेस.”

ईस्टरच्या आदल्या सोमवारी ती डबा घेऊन खाली गेली. कान्नो-साननी आत बोलावलं, चहा केला. फ्रिजवर नवऱ्याच्या नावाची काळी लाकडी पाटी उभी होती, तिच्यासमोर, मेलेल्या माणसाला रोज ठेवतात तसं, वाटीभर पाणी आणि चिमूटभर भात. पहिल्यांदा परवाना मिळाला तेव्हा घरातून त्यांनी एवढंच उचलून आणलं होतं. दागिने तिथेच राहिले होते.

“स्नेहा-सान, एक विचारू? बाप्तिस्म्यानंतर मला पाणी ठेवता येईल का?”

कान्नो-साननी चहा तिच्यापुढे सरकवला.

“सासू-सासऱ्यांची कबर बंद पट्ट्यात आहे. तीन वर्षं कोणी धुतली नाही. आता मीही दुसऱ्या देवाकडे गेले, तर त्यांना वाटेल, ही कायमची गेली.” त्यांनी चट्टे आलेले हात बाहीत ओढून घेतले. “पण तुम्ही काळजी करू नका. मी होय म्हटलंय, मी घेईन.”

“तुमच्या मनात नसेल तर मग होय का म्हणालात?”

कान्नो-साननी स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. “तुम्ही इतकं दिलंत. महिन्यामागून महिने. परत द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. रविवार तेवढे होते.”

स्नेहलताचा चहा तसाच राहिला. आणलेला डबा परत घेऊन ती वर आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. दोन वर्षं ती ज्याला विश्वास समजत होती ती परतभेट होती. आणि आपण दर आठवड्याला नवा डबा पाठवून त्या बाईला पुन्हा बांधून घेत होतो! तिला स्वतःची लाज वाटली. पणजोबांची गोष्टही आठवली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यातली आई दिसली, भरल्या घरात जिवंत मुलाच्या नावाने डोक्यावर पाणी ओतून घेणारी. आणि पणजोबांनी निदान स्वतःच्या मनाने केलं होतं.

पण सेन्सेईंना सांगायचं म्हणजे खोली गेली. केनियाचा तो पोरगा कुठे जाईल? सेन्सेई काय करतील? गप्प बसावं का? डोक्यावर पाणी तर पडू दे, प्रभू बघून घेईल की पुढचं. मंगळवारी ती गप्प बसली. बुधवारी तिने दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. “तुला कशाची भीती वाटते, चर्च बंद पडायची की पप्पांना काय सांगायचं याची?” शैलेंद्रने विचारलं. ती त्याच्यावर खेकसली, कारण त्याने नेमकं बोट ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी ती सायकल काढून गेली आणि सेन्सेईंना सगळं सांगून टाकलं.

सेन्सेई भिंतीवरच्या आरशाच्या चौकोनाकडे बघत म्हणाले, “चूक माझी. चारचौघांत विचारलं की आमच्याकडे उत्तर एकच येतं. हे तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत होतं. घाई झाली होती मला.” मग अगदी हळू म्हणाले, “त्यांना सांगा, बाप्तिस्मा राहू दे, पाणी ठेवा म्हणावं.”

स्नेहलताने खाली जाऊन निरोप सांगितला, तेव्हा कान्नो-सान दारातच वाकल्या, पुन्हा वाकल्या, माफी मागत राहिल्या. चर्चचं काय होईल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं असावं. स्नेहलताने त्यांचे हात धरले आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, “तुम्ही मला काही देणं लागत नाही. आमच्याकडे घरच्या माणसाने डबा रिकामाच परत करायचा असतो. तशीच रीत आहे.” हे धडधडीत खोटं होतं. तिच्या आईने सख्ख्या बहिणीलासुद्धा कधी रिकामा डबा पाठवला नव्हता. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू असताना स्नेहलता खोटं बोलली आणि तिला जराही वाईट वाटलं नाही. डबा त्यांच्या हातात दिला. आत साधे पोहे होते.

ईस्टरला शेवटची खुर्ची रिकामी होती. स्नेहलताने गाताना तीनदा मागे वळून बघितलं. सोमवारीही काही नाही, मंगळवारीही नाही. आठवडा गेला. खालच्या घराचा दिवा लागे, विझे. जिन्यात भेट मात्र होईना. आपण त्यांना मोकळं केलं की तोडून टाकलं? बेल वाजली की ती धावत जाई, आणि दारात पार्सलवाला असे. अकराव्या दिवशी सकाळी सेन्सेईंचा फोन आला. संस्थेने कळवलं होतं, खोली जूनपर्यंतच. त्यानंतर कुणाच्या तरी घरी जमावं लागेल, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या बंद करून, हळू आवाजात. “आमच्याकडे जमू,” असं ती म्हणाली.

कचरा ठेवायला म्हणून तिने दार उघडलं, तर बाहेरच्या मुठीला कापडी पिशवी अडकवलेली. आत तिचा डबा. तिने झाकण काढलं. संत्री नाहीत, केक नाही, चिठ्ठी नाही. घासून, पुसून लख्ख केलेला डबा. तिने तळाशी बोट फिरवून पाहिलं, पिशवी उलटी करून झटकली. काही म्हणजे काही नाही.

“काय आलं?” आतून शैलेंद्रने विचारलं. तो बाहेर आला, तर ही उंबऱ्यात बसून डबा पोटाशी धरून रडत होती.

“रिकामा आलाय,” ती म्हणाली. “अरे, रिकामा पाठवलाय त्यांनी!”