कापसाला मोहोर येत न्हाई

"सतरा," सर म्हणाले. "एका ब्लॉगमध्ये सतरा वेळा 'न्हाई'. मोजून दाखवतो."

आणि दाखवलं. शनिवारचा ऑनलाइन तास होता. सरांनी माझा ब्लॉग सगळ्या वर्गाला दिसेल असा पडद्यावर लावला होता. वर माझं नाव, आडनाव. शोधायच्या चौकटीत त्यांनी 'न्हाई' टाइप केलं आणि माझ्या लिहिण्यावर जागोजागी पिवळे डाग उठले. मग ते वाचायला लागले. नाकातून, हेल काढून, सोंगाड्यासारखे. "कळीच्या पोटाला नख लागू द्यायचं न्हाऽऽई." चौकोना-चौकोनांत पन्नास-साठ जण हसत होते. काहींनी हसरी तोंडं पाठवली. परतूरची एक मैत्रीण, जिच्यासोबत मी प्रवेशाच्या रांगेत दोन तास उभी होते, तिनंही पाठवलं.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती होती. त्यामुळं माझं तोंड मलाच दिसत होतं. मीपण हसत होते.

"हा ब्लॉग आहे की बांधावरच्या गप्पा?" सर म्हणाले. "आणि हे उद्या शिक्षक होणार. अर्थात, तुम्हा लोकांना लिहिता यायची गरजच काय? जागा राखीव असतेच."

तुम्हा लोकांना. आडनाव वर होतंच.

मी म्हणाले, "हो सर."

त्या 'हो सर'ची मला अजून शिसारी येते. सरांची येते त्याहून जास्त.

मी मंठा तालुक्यातल्या एका गावात, बौद्ध वस्तीत राहते. बी.एड. करते. कॉलेज जालन्याला, पण शिक्षणातलं तंत्रज्ञान हा विषय पूर्ण ऑनलाइन. त्यातले वीस गुण सरांच्या हातात, आणि ते वीसच्या वीस ब्लॉगला. प्रत्येकानं आपला ब्लॉग काढायचा, दर आठवड्याला एक नोंद लिहायची, बाकीच्यांच्या नोंदींखाली अभिप्राय द्यायचे. त्या विसांत वेगळं पास व्हावं लागतं. पहिल्याच तासाला सर म्हणाले होते, "इथे कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. ब्लॉग म्हणजे तुमचा स्वतःचा आवाज." मी येडी. मला ते खरं वाटलं.

पहिला विषय होता, 'मी कसे शिकले'. बाकीच्यांनी आदर्श गुरुजी लिहिले, वाचनालय लिहिलं. मी क्रॉसिंग लिहिलं. आमच्याकडं बियाण्याच्या कंपन्यांसाठी कपाशीचे प्लॉट असतात. त्यात माणसाच्या हातानं फुलांची लग्नं लावावी लागतात. त्यालाच क्रॉसिंग म्हणतात. माझी आई, कौसाबाई, वीस वर्षांपासून ते काम करते. सातवीत असताना सुट्टीत मी तिच्यासोबत गेले आणि तिनं मला शिकवलं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची. अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आणि पुंकेसर सोलून काढायचे. आत बारीक बोंड असतं, ते कळीचं पोट. त्याला नख लागलं की बोंड गळतं. सकाळी नर झाडाचं फूल तोडून आणायचं आणि त्याचा पराग सोललेल्या कळीला लावायचा. आईला पुंकेसर हा शब्द माहीत नाही. पण नववीत विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर फुलाचं चित्र काढलं, तेव्हा अख्ख्या वर्गात मला एकटीला ते आधीच येत होतं.

हे सगळं मी आई बोलते तसं लिहिलं. कारण शिकले तेच त्या बोलण्यातून. आई म्हणाली होती, "म्होरच्या वळीतनं नर तोडून आण." मी तसंच लिहिलं. म्होरच्या वळीतनं. म्हणजे पुढच्या ओळीतून.

त्याला वीसपैकी तीन पडले.

पुढच्या आठवड्यात मी शुद्ध लिहिलं. 'आधुनिक शिक्षणात संगणकाचे अनन्यसाधारण महत्त्व'. त्यात माझं एक वाक्य नव्हतं. इकडून तिकडून गोळा केलेले शब्द. 'सर्वांगीण विकास' तर तीनदा घातला. सोळा पडले. सरांनी खाली लिहिलं, 'लक्षणीय सुधारणा'. मी पाच जणांच्या ब्लॉगखाली 'खूप छान', 'अप्रतिम मांडणी' लिहून आले. त्या पाचांतला एकही मी वाचला नव्हता. त्यांनीही माझा वाचला नसणार. एकमेकांची पाठ खाजवायची आणि गुण घ्यायचे, याला सर सहअध्ययन म्हणायचे. दोन महिने मी हे केलं. तोंडात घाण धरून बसल्यासारखं वाटायचं, पण केलं. सतरापर्यंत गेले.

मग सरांचं व्याख्यान आलं. ऑनलाइनच. विषय, 'ब्लॉग : अध्ययनाचे आणि मूल्यमापनाचे साधन'. जिल्ह्यातल्या कॉलेजांचे प्राध्यापक ऐकायला येणार होते. गर्दी दिसावी म्हणून आम्हालाही बसवलं. कॅमेरा चालू, आवाज बंद.

सर तास-दीड तास बोलले. शेवटी म्हणाले, "आता माझ्या मार्गदर्शनाखाली फुललेला एक नमुना." आणि पडद्यावर कपाशीचं फूल आलं. खाली मजकूर. एका ओळीत ओळखला. कळी, नख, गळणारं बोंड. सगळं माझं. सगळं आईचं. फक्त धुऊन, इस्त्री करून. खाली नाव सरांचं. माझं कुठंच नाही. आणि कौसाबाईच्या जागी काय होतं? 'एक अशिक्षित शेतमजूर महिला'.

ज्या तोंडानं त्यांनी मला सोंग करून वाचलं होतं, त्याच तोंडानं आता ते गहिवरून वाचत होते.

वाचता वाचता ते म्हणाले, "पहाटे मोहोराच्या ओळीतील नरफुले खुडून आणावीत."

मोहोराच्या!

म्होरच्या शब्दाचं त्यांनी शुद्ध करून मोहोर केलं होतं. आंब्याला येतो तो. माझे गुण कापताना त्यांना तो शब्द अशुद्ध वाटला, आणि चोरताना त्याचा अर्थ विचारायची लाज वाटली. बदनापूरकडच्या एका प्राध्यापक बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "सर, कापसाला मोहोर?"

सर गोड हसले. "तो त्या भागातला ग्रामीण शब्द आहे, मॅडम. मी मुद्दाम तसाच ठेवलाय. मातीचा गंध."

मी आवाज चालू केला. म्हणाले, "सर, तसा शब्द न्हाई. म्होरं म्हंजे पुढं. ते मी लिव्हलंय. माझ्या आईचं बोलणं हाय ते."

लगेच माझ्या नावापुढं लाल रेघ आली. सरांनी माझा आवाज बंद केला होता. "काही भागांत नेटवर्कचा त्रास आहे," ते म्हणाले. मी बाजूला लिहायच्या जागेत माझ्या ब्लॉगची लिंक टाकली. नोंदीवर तारीख असते. दोन महिन्यांपूर्वीची तारीख. शहाण्याला तेवढं बस होतं. अर्ध्या मिनिटात मी सभेच्या बाहेर होते. काढून टाकलं.

सोमवारी त्यांचा फोन आला. आवाज मऊ. "हे बघ बेटा, वातावरण खराब करून कुणाचं भलं होत नाही. ती जुनी नोंद डिलीट कर. आणि एक चिंतनपर ब्लॉग लिही, 'या प्रसंगातून मी काय शिकले'. गैरसमज झाला होता असं लिही. अठरा देतो." मग म्हणाले, "नाहीतर शून्य. वर्ष तुझं आहे, बघ."

बेटा म्हणाले. तेव्हा मी 'तुम्हा लोकां'तली होते, आता बेटा.

खरं सांगते, मी मोबाइल उघडला. नोंद समोर घेतली. डिलीटवर अंगठा गेला होता. आई अंगणात तूर पाखडत होती. काय मनात आलं कोण जाणे, मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि व्याख्यानातलं ते पान तिला वाचून दाखवलं. 'माझ्या मार्गदर्शनाखाली' म्हणाले होते, तेही सांगितलं. मैत्रिणीनं, त्याच परतूरच्या, त्याचा फोटो काढून मला पाठवला होता. सोबत एक शब्द नव्हता. माफीचाही नाही.

आईनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "ही अशिक्षित बाई कोण?"

"तूच."

"मंग माझं नाव कुठं गेलं?"

"सरांनी काढून टाकलं. आता माझंबी काढ म्हणून राह्यले. मी ल्हेलेलं. न्हाई काढलं तर नापास."

आईनं सूप खाली ठेवलं. "म्या तुला शिकवलं, तू ते ल्हेलं. अन् त्यो म्हणून राह्यला म्या शिकवलं. चोरी त्यानं केली अन् माफी तू मागून राह्यली?" तिनं पुन्हा सूप उचललं. "एक अक्षर काढू नको. नापास हो. पुढच्या साली बस. म्या हाय क्रॉसिंगला जायाला."

मी सरांना फोन लावला. म्हणाले, "शून्य लिहा, सर. नोंद तिथंच राहील."

त्यांनी लिहिलं. माणूस शब्दाला पक्का निघाला. प्राचार्यांकडं अर्ज दिला, विद्यापीठाला पाठवला. प्राचार्य म्हणाले, "एवढे विद्वान गृहस्थ, तुमच्या लेखाला हात लावला हा मान समजा." विद्यापीठाचं उत्तर आलेलं नाही. निकालात विषय लटकला. वस्तीतल्या काही जणांनी मलाच येड्यात काढलं. वीस गुणांसाठी वर्ष घालवलं म्हणाले. त्यांना वाटतं गुण गेले. गुण मला सतरापर्यंत मिळत होतेच. रोज थोडी थोडी मरून मिळत होते.

या सत्रात तोच विषय आहे. तेच सर. पुन्हा ब्लॉग, पुन्हा शनिवार, पुन्हा कॅमेरा चालू. पहिल्या तासाला त्यांनी हजेरीत माझं नाव घेतलं आणि क्षणभर थांबले. मी कॅमेऱ्याकडं बघत राहिले. हसले नाही. आता दर आठवड्याला मी लिहिणार, आमच्या भाषेत लिहिणार, तारखेसकट लिहिणार. प्रत्येक नोंदीत कुणी मला काय शिकवलं ते त्याच्या नावानिशी लिहिणार. सरांनी मला काय शिकवलं, तेही त्यांच्या नावानिशी. त्यांना परत शून्य द्यायचं असेल तर देऊ देत. पण द्यायच्या आधी आता त्यांना मला वाचावं लागेल.