पहिल्या बाकावरचे सोयरे

श्रावण नावाचा एक तरुण सोमवार ते शनिवार अमरावतीच्या राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि रविवारी दुपारी त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर, तिकीट काढून आलेल्या सभ्य माणसांची अब्रू काढतो. याला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. विद्यार्थ्यांना प्रवेश नाही. "सोमवारी मंग मले सर कोन म्हनंल?" असं तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे.

शिवी तीच. तिच्यावर माणूस एकदा अंगावर धावून येतो आणि एकदा पोट धरून हसतो. हे कसं, या कुतूहलापोटी मी श्रावणच्या मागे लागलो.

त्याचं बालपण हिवरखेडचं. आई पार्वताबाई लग्नात गाणी म्हणायची. देवाची नव्हे, विहिणीची. वरमाय पानावर बसली रे बसली, की पार्वताबाई तिच्या नाकापासून घोरण्यापर्यंत सगळं गाण्यात घालायची, आणि घोरण्यानंतरचंही काही सोडायची नाही. श्रावण मांडीवर बसून ऐकायचा. विहीण तोंडाला पदर लावायची, लाजून लाल व्हायची आणि हळूच शेजारणीला विचारायची, "माहं नाव आलं न गान्यात?"

पुढे श्रावण नोकरीसाठी पुण्याला गेला. तिथे एकदा मित्रांनी त्याच्या हातात माइक दिला. आमच्याकडे वऱ्हाडात आजोबा नातवाला ज्या शब्दाने लाडाने हाक मारतात, तो शब्द त्याने सहज उच्चारला. सभागृह आधी दचकलं आणि मग हसून कोसळलं. याला वाटलं, किल्ली सापडली! किल्ली घेऊन गडी अमरावतीला परतला आणि तोच शब्द राजापेठेत टाकला. कोणी हललं नाही. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "हो, मंग पुढं काय झालं?"

"तवा समजलं काका," श्रावण मला म्हणाला, "शिवीत काईच नसते. समोरचा काय झाकून राह्यला ते पाहा लागते. झाकन उडालं का मानूस दचकते, अन् दचकला का हासते."

तेव्हापासून तो पहिल्या बाकावरच्या माणसांना धरू लागला. जो जितका ऐटीत बसलेला, तितका त्याच्या पोटाचा, घोरण्याचा, सकाळच्या बद्धकोष्ठाचा जाहीर पंचनामा. फाटक्या माणसाला मात्र तो हात लावत नाही. "त्यानं काई झाकलंच नाही, तं उघडू काय?"

त्याच क्लासमध्ये आरती भौतिकशास्त्र शिकवते. दोघांचं आपसात जमलं होतं. जमायचे होते ते आरतीचे वडील, खुशालराव. शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग, वर पांढरी टोपी, खाली मिशा, आणि मधल्या चेहऱ्यावर नकार. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की पोरगा माइकवर घाण बोलतो. त्यांनी जाहीर केलं, "पोरगा पाहाचा तं त्याच्या कामावरच पाहाचा. रविवारी येतो."

आरतीने श्रावणला दम भरला, "बाबांच्या बाबतीत एक वाकडा शब्द निघाला, तं लग्न विसरून जाय."

रविवारी पहिल्या बाकावर मी, मधोमध खुशालराव आणि पलीकडे बँकेतले एक साहेब. श्रावणने माझ्यापासून सुरुवात केली. माझं टक्कल म्हणजे अख्ख्या वऱ्हाडातली एकमेव तणही न उगवणारी जमीन, असं जाहीर झालं. पोटाबद्दल जे झालं ते इथे लिहीत नाही. वर्ग हसत होता, आणि लाज सोडून सांगतो, मीही हसत होतो. मग तो खुशालरावांपुढे आला. थबकला. हात जोडले आणि कोमट पाण्यासारख्या आवाजात म्हणाला, "नमस्कार काका. आपण आलात, आनंद वाटला."

आणि सरळ बँकेच्या साहेबांवर गेला. त्यांना 'रिकामचोट' म्हटलं. साहेब गदगदून हसले.

खुशालरावांच्या मिशा थरथरत होत्या. मध्यंतरात चहा आला, त्यांनी कप बाजूला सारला. "आरती, चाल घरी."

श्रावणने वाट अडवली. "काका, तुमाले तं मी काईच बोल्लो नाही!"

"तेच तं!" खुशालराव कडाडले. "याले टकल्या म्हनलं, त्याले रिकामचोट म्हनलं, अन् मले 'आपण आलात'? आमी काय वसुलीले आलो का बे? माह्या बहिनीच्या लग्नात विहिनीचं नाव गान्यात राहून गेलं, तं पुरं वऱ्हाड पानावरून उठलं होतं! हिवरखेडच्या गानाऱ्या बाईचा पोरगा तू, तुले इतकं समजत नाही? ज्याच्याशी नातं नाही कराचं, त्यालेच मानूस असा सोडते."

मी आरतीकडे पाहिलं. आरतीने श्रावणकडे पाहिलं आणि डोळे मिटून मान हलवली. म्हणजे, होऊन जाऊ दे.

श्रावण माइककडे धावला. "मंडळी, बसा! एक पाहुना राह्यला. हे खुशालराव. मले पाहाले आले. दारातून आत आले तसे मले पुढून पाहून राह्यले, मागून पाहून राह्यले, खांदे पाहून राह्यले. मले वाटलं, आपुन बैलबाजारात उभे हाओ. फक्त शेपूट उचलून पाहाची बाकी आहे. काका, लाजता काहून? या!"

आणि सोमवार ते शनिवार ज्याला मुलं सर म्हणतात, तो इसम होणाऱ्या सासऱ्याकडे पाठ करून, वाकून उभा राहिला.

आरतीने ओढणीत तोंड लपवलं. खुशालराव सावकाश उठले. टोपी सारखी केली.

"राहू दे," ते म्हणाले. "शेपटीचं काई काम नाही. आमी दात पाहून घेतो. दोन दाती दिसते, कोवळा गोऱ्हा. औताले चालते का नाही, जुंपल्यावर समजंल."

मग जे झालं त्यात बँकेच्या साहेबांचा चष्मा पडला आणि बाकाचा एक पाय गेला. खुशालराव खाली बसले, माझ्या मांडीवर थाप मारून हसले आणि थंड झालेला चहा ओढून घेतला.

निघताना त्यांनी श्रावणला जवळ बोलावलं. चेहरा पुन्हा गंभीर.

"तुह्या मायले सांगजो, आमच्या मंडळीचं, आरतीच्या मायचं, नाव वच्छला आहे. आतापासूनच गान्यात बसवून ठेव म्हना. सुटलं नाही पायजे."