पथारीवरची सर्व्हिस

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण हे सांगताना माझं नाक अजून झोंबतं!

मी नंदुरबारला शाळेत चित्रकला शिकवतो. स्वभावाने पक्का तंद्रीतला. आमच्या लेकीचं, सोनलचं लग्न सुरतेला ठरलं. व्याही मूळचे आमच्याकडचेच. फोनवर म्हणाले, "आम्ही रोज सकाळी पिकलबॉल खेळतो." माझ्या तोंडून निघून गेलं, "वा, मीही! माझी सर्व्हिस तर फार गाजलेली आहे."

गाजलेली? अहो, जाळीवरून बॅटने टोलवायचा तो चेंडू मी दुकानातसुद्धा पाहिला नव्हता!

पंधरा दिवसांनी ते बैठकीला येणार आणि सकाळी कॉलनीच्या मैदानावर सामना. पोरीच्या सासरी पहिल्याच भेटीत थापाड्या ठरायचं? छे! मी बॅट आणली, भोकाभोकांचे सहा चेंडू आणले आणि रोज उजाडताच एका मित्राच्या पथारीवर जायला लागलो. पथारी म्हणजे गावाबाहेर मिरच्या वाळत घालतात ते मैदान. कडेला भरपूर मोकळी जागा.

बॅट कमरेखालून, चेंडू तिरका, समोरच्या चौकोनात. एवढंच. पण काय सांगू, कोवळं ऊन, लांबवर लालच लाल आणि त्यावर तरंगणारा तो पिवळा चेंडू! मी बघतच राहायचो. वाटायचं, हा असाच तापी ओलांडून सुरतेला जाईल, सोनलच्या अंगणात पडेल आणि ती म्हणेल, बाबांचा आहे. तेवढ्यात चेंडू पडायचा मिरच्यांत.

मिरच्या परतणाऱ्या सखूबाई ओरडायच्या, "मास्तर, चेंडू बी सुकाडाले आणात का?"

पण सर्व्हिस बसली हो! सामन्याला व्याह्यांनी नवे चेंडू काढले. मी ऐटीत म्हणालो, "नको, माझेच घेऊ. हात बसलाय."

पहिली सर्व्हिस थेट कोपऱ्यात. दुसरीही! व्याही नुसते चेंडू उचलून देतायत. तिसरीच्या आधी मी कपाळाचा घाम पुसला, डोळे चोळले आणि... आई गं! दोन्ही डोळ्यांतून धारा.

बायको धावली. "काय व्हयनं? कसाले रडी ऱ्हायनात?"

व्याह्यांनी बॅट टाकली, जाळीखालून आले. "रडू नका, याही! पोर आते आमनी बी शे ना!" असं म्हणून त्यांनी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. चेंडू उचललेल्या त्याच हातांनी! आता तेही ढसाढसा. त्यांना बघून विहीणबाई, त्यांना बघून बायको.

सोनल येऊन गळ्यात पडली. "बाबा, माले नही करनं लगीन!"

घ्या! एका सर्व्हिसपायी लग्न मोडतंय की!

"अगं, मिरची आहे, मिरची!" मी ओरडलो. चेंडू हातावर आपटला. भोकांतून दहा-बारा बिया आणि चिमूटभर लाल भुकटी पडली. मग बॅट पंधरा दिवसांपूर्वीच घेतल्याचंही ओकून टाकलं. व्याही शिंकत शिंकत हसले, आणि लग्न वाचलं.

महिन्याने पाठवणीची वेळ आली. गाडी सुरू झाली आणि मला खरंखुरं रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. बायकोने झटकन माझे हात धरून हुंगले. "आज बी पथारीवर गयथात का?"

गाडीची काच खाली झाली. भरल्या डोळ्यांनी सोनल ओरडली, "बाबा, हात दखाडा!"

सगळं वऱ्हाड हसलं. पोरगी हसत हसत सासरी गेली, आणि मी साबणाने धुतलेले दोन्ही हात वर धरून रडत उभा!