ओल्या कचऱ्यातली मूठ

माझी आत्या युनिव्हर्सिटीच्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून, तशीच स्टेजवर गेली होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

ताराआत्या. मुरबाडजवळच्या म्हसा गावाच्या अलीकडे तिचं गाव. आमचं घर शहापूरला, पण मी जास्त तिच्याकडेच. कॉलेजला म्हणून निघायचो आणि मुरबाडच्या रस्त्याला लागायचो. कधी मांडव ठोकायला, कधी कुणाचा टेम्पो चालवायला. म्हशाच्या जत्रेत तर आठ दिवस एका बैलवाल्यासोबतच राहिलो होतो. ते प्रकरण वेगळंच, जाऊ दे.

कॉलेज मी कधीच सोडलं होतं. माहीत फक्त आत्याला.

"बापाला सांगितलंस?"
"सांगेन गो."
"कधी? तो म्हातारा झाल्यावर?"

तर राब. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. भाताची रोपं जिथं वाढवायची, तो तुकडा आमच्याकडे आधी भाजतात. शेण, पाला, ऐनाच्या झाडाचे तोडलेले टहाळे पसरायचे, वर माती टाकायची आणि पेटवायचं. मग तिथं बी. तण जळतं, रोप जोमात येतं.

पण धूर होतो. आणि बांधावरचे ऐन दरवर्षी बोडके.

युनिव्हर्सिटीच्या एक मॅडम विद्यार्थी घेऊन गावात आल्या. क्लायमेटचा प्रोजेक्ट. "राब न भाजता एकदा करून बघा," म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या आणि घरी गेले.

आत्या एकटी तयार झाली. अर्धा राब भाजला, अर्धा तसाच ठेवला.

काका, म्हणजे तिचा नवरा, म्हणाले, "येडी झालीस. रोपं कमी पडली की जा लोकांच्या दारात."
"जाईन. तुमाला नाय पाठवणार."

लावणीच्या दिवसांत युनिव्हर्सिटीत पर्यावरणाचा मोठा कार्यक्रम होता. शेतातलं काहीतरी आणा, असा मॅडमचा निरोप. आत्यानं दोन मुठी घेतल्या. मूठ म्हणजे उपटलेल्या रोपांची जुडी. एक भाजलेल्या बाजूची, हिरवीगार. दुसरी न भाजलेल्या बाजूची, पिवळी, मरतुकडी, निम्मं तणच.

ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि बसली माझ्या बाईकवर. कल्याणच्या पुढं जाईपर्यंत माझी पाठ भिजून गार.

हॉलमध्ये 'ऊर्जा वाचवा'चं बॅनर आणि एसी असा, की आत्यानं पदर कानावरून घेतला.
"हितं पोरं जगतात कशी रे?"

दारातल्या व्हॉलंटियरनं गोणपाट घेतलं. आम्ही बसलो.

थोड्या वेळानं पडद्यावर आत्याचं शेत! हिरवंगार. खाली लिहिलेलं, 'राब न भाजता यशस्वी रोपवाटिका'. टाळ्याच टाळ्या. मीपण शिट्टी मारणार होतो.

आत्या टाळ्या वाजवत नव्हती.

"ही भाजलेली बाजू हाय."
"काय?"
"पलीकडं चिखल व्हता. फोटोवाली पोरगी अलीकडनंच काढून गेली."
"मग काय झालं? कौतुकच चाललंय ना आपलं. चहा घेऊ, निघू."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी चहा विसरलो.

"हे छापतील. पुढल्या साली कोणीतरी ऐकंल. त्याची रोपं गेली तर लावणी कशाची करंल? वरीसभर खाईल काय?"

उठली. हिरवी मूठ स्टेजवर, पाहुण्यांच्या पुढ्यात, फुलदाणीत ठेवलेली. पिवळी कुठाय?

"आजी, ती खराब होती ना," व्हॉलंटियर म्हणाला, "ओल्या कचऱ्यात टाकली."

कार्यक्रम पर्यावरणाचा, त्यामुळे डबे एकदम शिस्तीत, रंगवार. आत्यानं ओल्या कचऱ्याच्या डब्यात हात घातला. चहाचा चोथा, केळ्याच्या साली, आणि त्याखालून मूठ वर आली. ती घेऊन थेट स्टेजवर.

मला वाटलं, पळावं.

"मॅडम, हे माझं न भाजलेलं. नाय जमलं. तुमचा फोटो भाजलेल्याचा हाय."



"भाजाच असं मी नाय बोलत. ऐन तोडू नका, हे मलापण पटतं. मी पुढल्या साली परत करून बघंन. पण नाय जमलं तर नाय जमलं असं लिवा. लोक तुमचं खरं मानतात."

मागून एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, फोटो मी काढला होता. चूक माझी."

मॅडम पुढं आल्या. आत्याच्या हातातली चोथा लागलेली मूठ घेतली आणि त्याच फुलदाणीत हिरवीच्या शेजारी ठेवली. पडदा बंद केला.

"ताई, पहिल्यापासून सांगा."

आत्या बोलत राहिली. प्रमुख पाहुण्यांचं भाषण राहूनच गेलं.

परत येताना मुरबाड आलं. मग मागून एकच वाक्य.

"आता तू."

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. कॉलेज नाय जमलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जेवून घे."

प्रोजेक्टचा रिपोर्ट छापून आला. आत्याच्या नावापुढं तिचेच शब्द, 'नाय जमलं'. तिनं तो अख्ख्या गावाला दाखवला. "बघा, नापासात पयलं नाव माझं!"

मग दोन वर्षं खपली. तुकडा निम्मा केला, बी विरळ टाकलं, भाजणं अगदी सुटलं नाही, पण नुसता पेंढा आणि शेण घेऊन भाजलं. टहाळा एकही नाही. जमलं. आता गावातली आणखी काही घरं तसंच करतात.

तिच्या बांधावरचा ऐन आता एवढा पसरलाय की खाली बाईक लावता येते.

आज वर्षश्राद्धाला मॅडम आल्या. ती फोटोवाली मुलगीपण. शेत बघायला गेलो तर ती पलीकडच्या बाजूनं गेली. गुडघाभर चिखलातून. मुद्दाम.

आत्या, तुझ्या शेताचे फोटो आज दोन्ही बाजूंनी काढलेत.

तुझा भाचा म्हणून मिरवतोय गो. 'जा' म्हणवत नाही, म्हणून ये आता.